घरी जनरेटर बसवायचाय? मशीनच्या आधी तारा आणि धूर बघा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने आमच्या गावाकडे येणारे विजेचे खांब ओळीने आडवे केले. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, अहमदपूरच्या बाजूला. दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस लाइट नव्हती. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असतात. इन्व्हर्टर पहिल्याच रात्री दीडच्या सुमाराला बसला. घरात एक सिलिंडर भरलेला होता, त्यावर सकाळपर्यंत निभावलं. उजाडल्यावर यांनी तालुक्याहून दुसरा आणला. त्या आठवड्यातच आम्ही जनरेटर घ्यायचं ठरवलं आणि ठरवल्यापासून तो नीट चालेपर्यंत चार महिने गेले. मशीन एका दिवसात घरी आलं होतं. बाकीचा सगळा वेळ ते चुकीच्या जागी ठेवण्यात, चुकीचं जोडण्यात आणि मग सगळं उलगडून पुन्हा करण्यात गेला. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

१. जनरेटर खरंच लागतो का, हे आधी ठरवा

तुमच्याकडची लाइट सहसा किती तास जाते, हे महिनाभर कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोन-तीन तासच जात असेल, आणि घरात पंखे, दिवे, टीव्ही एवढंच चालवायचं असेल, तर चांगला इन्व्हर्टर पुरे. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते, प्रत्यक्षात बाराशेच्या आसपास धरा. म्हणजे ३५० वॅटचा कॉन्सन्ट्रेटर एकटा लावला तर साधारण तीन तास. आमच्या घरी इन्व्हर्टर दीड वाजता का बसला, ते मला हे गणित मांडल्यावर कळलं. लाइट साडेदहाला गेली होती.

जनरेटर लागतो तो लाइट आठ-दहा तास किंवा त्याहून जास्त जाते तेव्हा. आपल्याकडे ते मुख्यतः दोन वेळेला होतं: एप्रिल-मे-जूनमधल्या वादळात, आणि डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळाल्यावर. डीपी बदलून येईपर्यंत गाव किती दिवस अंधारात असतं, ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

छतावर सोलर आहे म्हणून जनरेटर नको, असं काहीजण धरून चालतात. महावितरणच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद होतं. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. ऊन कितीही कडक असो, त्या वेळी ते उपयोगाचं नाही.

माझं मत असं की आपल्या भागात इन्व्हर्टर आणि लहान जनरेटर ही जोडी सगळ्यांत बरी. लाइट जाते त्या क्षणाला इन्व्हर्टर घर सांभाळतो, आणि लांबलं तर जनरेटर चालू करून घरही चालतं, बॅटरीही भरते.

२. भाराची यादी करा, अंदाज बांधू नका

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "किती केव्हीएचा पाहिजे?" आम्ही उत्तर न घेता गेलो आणि दुकानदाराने त्याच्याकडे शिल्लक असलेला आकडा सांगितला. तुम्ही वही घेऊन बसा. प्रत्येक वस्तूच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. आमच्या घराची यादी अशी निघाली:

कॉन्सन्ट्रेटर ३५०, फ्रिज २००, चार पंखे २८०, आठ एलईडी दिवे ७२, कूलर २००, टीव्ही आणि वायफाय मिळून १२०. आणि सगळे विसरतात ती गोष्ट, इन्व्हर्टरची रिकामी बॅटरी भरायला लागणारे साधारण ३००. एकूण १,५२२ वॅट.

आता चालू होतानाचा झटका धरा. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू भाराच्या कितीतरी पट ओढतो. आम्ही त्यासाठी ८०० वॅट वर धरले. झाले २,३२२.

जनरेटरवर केव्हीए लिहिलेलं असतं, त्याचे वॅट करताना हजाराने आणि मग ०.८ ने गुणा. ३ केव्हीए म्हणजे २,४०० वॅट. आमचं तिथे बसलं.

इथे एक सापळा आहे. लहान पेट्रोल जनरेटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा जास्तीत जास्त क्षमतेचा असतो, म्हणजे थोड्या वेळापुरता झेपणारा. सतत चालवायची क्षमता, जिला रेटेड म्हणतात, ती त्याहून कमी असते. तीच विचारा आणि तीच बिलावर लिहून घ्या. शिवाय ४३-४४ अंशाच्या उन्हात इंजिन कागदावरची पूर्ण ताकद देत नाही. जनरेटर लागतो तोही त्याच दिवसांत. म्हणून कायमचा भार क्षमतेच्या सत्तर टक्क्यांच्या आत राहील असं बघा.

याच्या उलट चूकही लोक करतात, "असू दे मोठाच" म्हणून साडेसात केव्हीएचा डिझेल जनरेटर घेतात आणि रात्रभर त्यावर चार पंखे चालवतात. डिझेल इंजिन कायम तीस टक्क्यांहून कमी भारावर चाललं तर डिझेल पुरतं जळत नाही, सायलेन्सरमध्ये काजळी आणि ओलं तेल साचतं, इंजिन धूर ओकायला लागतं. मोठं घेतलं म्हणजे टिकतं असं नाही.

३. पाण्याच्या मोटारीचा वेगळा विचार करा

आम्ही सगळ्यांत जास्त यावर अडलो होतो. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट हे मोटारीने बाहेर दिलेलं काम. मोटार लाइनवरून ओढते ते हजार-अकराशे वॅट, आणि सुरू होताना त्याच्या तीन ते पाच पट. आमच्या ३ केव्हीएवर बोअरची १ एचपीची सबमर्सिबल लावून बघितली. जनरेटर घोगरा झाला, दिवे मंदावले, मोटार उठलीच नाही. अशी अडकलेली मोटार अर्धा मिनिट तशीच ठेवली तर वाइंडिंग जळतं आणि मग ती बोअरमधून उपसावी लागते.

मोटार जनरेटरवर चालवायचीच असेल तर १ एचपीला ५ केव्हीए धरा, आणि ती घरातलं बाकी सगळं बंद असताना सर्वांत आधी सुरू करा. गोठ्यात जनावरं आहेत, दुसरं पाणी नाही, अशा घराला हे करावंच लागेल. तिथे डिझेल घ्या. पण नुसतं घरापुरतं पाणी हवं असेल तर माझा आग्रह आहे की मोटार यादीतून काढा आणि माळवदावर किंवा स्लॅबवर आणखी एक हजार लिटरची टाकी बसवा. लाइट असताना भरून ठेवलेलं पाणी जनरेटर चालवून उपसलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. दुष्काळात पाणी साठवायची सवय आपल्या भागाला आहेच. आम्ही हेच केलं, आणि त्यामुळे ५ केव्हीए घ्यावा लागला नाही, ३ वरच भागलं.

थ्री फेजची मोटार घरगुती सिंगल फेज जनरेटरवर चालवायच्या फंदात पडू नका.

ट्रॅक्टरवर चालणारा अल्टरनेटर मांडवाला आणि शेतातल्या मोटारीला ठीक आहे. त्याची फ्रीक्वेन्सी ट्रॅक्टरच्या फेऱ्यांवर अवलंबून असते, पायाखाली ॲक्सिलरेटर हलला की ती हलते. औषधपाण्याचं यंत्र, फ्रिज, टीव्ही त्यावर लावू नका.

४. पेट्रोल की डिझेल, नवा की जुना

पाच केव्हीएच्या खाली पेट्रोल आणि वर डिझेल, असा सरधोपट नियम धरायला हरकत नाही. पेट्रोलचा लहान जनरेटर दोघांना उचलता येतो, लवकर सुरू होतो, पण लिटरमागे दीड-दोन युनिटच देतो. डिझेल अडीच-तीन युनिट देतं. आजच्या इंधनाच्या भावाला लिटरमागच्या युनिटांनी भागून बघा. पेट्रोलवरचं युनिट पन्नास रुपयांच्या वर जातं. जनरेटर अडीअडचणीलाच वापरायचा, रोजच्या लोडशेडिंगला नाही, हे तेव्हाच लक्षात येतं.

डिझेल घेताना दोन गोष्टी बघा. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या जनरेटरना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नवे निकष लागू झाले आहेत, दुकानात त्यांना "सीपीसीबी फोर प्लस" म्हणतात. त्याची मान्यता असलेली पट्टी मशीनवर असते, ती वाचा. "जुन्या निकषाचा आहे, स्वस्तात देतो" असं कुणी म्हणालं तर तो माल मागचा आहे हे समजा. दुसरं, आवाज. डिझेल जनरेटरच्या पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. दुकानात तो भार लावून चालवायला सांगा आणि शेजारी उभं राहून बोलून बघा. रिकामा जनरेटर शांतच वाटतो.

फेरे किती ते विचारा. ५० हर्ट्झची वीज ३,००० फेऱ्यांचं इंजिनही देतं आणि १,५०० फेऱ्यांचंही. तासन्‌तास चालवायचा असेल तर १,५०० वालं कमी तापतं, कमी ओरडतं, जास्त टिकतं. पण ते जड आणि महाग असतं. लहान पेट्रोलवाले ३,००० चेच असतात.

घरी वैद्यकीय यंत्र असेल तर एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, असलेला जनरेटर घ्या, आणि पैसे असतील तर इन्व्हर्टर पद्धतीचा जनरेटर घ्या, त्याची वीज जास्त स्वच्छ असते. सेल्फ स्टार्टही पाहिजेच. आमच्याकडे दिवसा सासूबाई आणि मामा दोघंच घरी असतात. दोरी ओढायचं मशीन त्यांच्या काय कामाचं?

जुना जनरेटर मंगल कार्यालयाचा किंवा टॉवरवरचा म्हणून मिळतो. तास मोजणारं मीटर बदलता येतं, त्यावर विसंबू नका. थंड इंजिन आपल्या समोर सुरू करायला लावा, आपण पोहोचण्याआधीच ते गरम करून ठेवलेलं असलं तर परत या.

५. जागा: धूर कुठे जाणार ते आधी

हा मुद्दा कृपा करून दोनदा वाचा.

आमचं घर जुना वाडा आहे. पाऊस लागू नये, चोरी होऊ नये म्हणून आम्ही जनरेटर ढेलजेत ठेवला. एका बाजूने दार, दुसऱ्या बाजूने चौक, हवा तर खेळती आहे असं आम्हाला वाटलं. पहिल्याच रात्री तीन तास चालवला. सासूबाईंना उलटी झाली, माझं डोकं ठणकत होतं, धाकटा मुलगा हलवूनही नीट जागा होईना. उकाड्याने झालं असेल असं वाटलं. यांना बाहेरून आल्यावर चौकात वास आला म्हणून त्यांनी मशीन बंद केलं आणि सगळ्यांना अंगणात काढलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ऐकलं आणि काय झालं असतं ते स्पष्ट सांगितलं.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला येतो तो पेट्रोलच्या इतर धुराचा वास, आणि तो आला नाही म्हणजे हा वायू नाही असं नसतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो, म्हणून माणूस झोपेतच जातो. दार उघडं आहे, खिडकी उघडी आहे, पंखा चालू आहे, यातलं काहीही पुरेसं नाही.

तेव्हा जनरेटर ढेलजेत नको, जिन्याखाली नको, पार्किंगच्या बंद भागात नको, गोठ्यात नको. उघड्यावर, घराच्या दार-खिडक्यांपासून किमान वीस फूट, आणि सायलेन्सरचं तोंड घराकडे नाही. शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नाही. आपल्याकडे उन्हाळा-पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून घराच्या पूर्वेची जागा बरी पडते. पण गल्लीबोळात वारा वळतो. संध्याकाळी त्या जागी उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते चार दिवस बघा. आम्ही तेच केलं आणि ठरवलेली जागा दहा फूट सरकवली.

वर पत्रा टाका, पण चारही बाजू उघड्या ठेवा. खाली सहा इंच उंच काँक्रीटचा कट्टा करा, पावसात अंगणात पाणी साचतं. कडब्याची गंज, सरपण, गॅसचं सिलिंडर जवळ नको. चोरीसाठी कट्ट्यात लोखंडी कडी पुरून साखळी लावा.

अपार्टमेंटचा मोठा जनरेटर असेल तर धुराचा पाइप इमारतीच्याही वर न्यावा लागतो. किती वर, याचं सूत्र असं: केव्हीएच्या वर्गमुळाला ०.२ ने गुणायचं, तेवढे मीटर. म्हणजे २५ केव्हीएला १ मीटर. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावा. बॅटरीवर चालतो, ऑनलाइन मिळतो. आमचा मामांच्या खोलीत आहे.

६. जोडणी: चेंजओव्हरशिवाय एक मिनिटही चालवू नका

गावात सर्रास काय करतात? एका वायरीच्या दोन्ही टोकांना पिना लावतात, एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये. घरभर लाइट लागते, सगळे खूश. मेन स्विच पाडायचं लक्षात ठेवलं की झालं, असं सांगतात. आमच्या घरीही पहिल्या दिवशी जोडायला आलेल्या माणसाने असंच करून दिलं होतं.

आता त्या तारेत काय होतं ते बघा. मेन पाडायचं राहिलं तर तुमच्या जनरेटरची २३० व्होल्टची वीज मीटरमधून खांबावर जाते, खांबावरून डीपीत. डीपी ११,००० व्होल्टचे घरगुती व्होल्ट करते, पण तीच उलट्या दिशेने वीज मिळाली की घरगुती व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. त्या वेळी तुमच्याच गावातला वायरमन, लाइन बंद आहे असं समजून, वादळानंतर खांबावर चढलेला असतो. शिवाय पीन सॉकेटमधून ओढून काढली तर तिच्या उघड्या पितळी काड्यांत जिवंत वीज असते, आणि खेळणारं लेकरू ती हातात धरू शकतं. आणि तुम्ही चालू असतानाच लाइट परत आली तर दोन्ही विजा एकमेकींवर आदळतात, जनरेटर जागच्या जागी जळतो.

हे टाळायला चेंजओव्हर स्विच असतो. त्याची मूठ एका बाजूला केली की घर महावितरणवर, दुसऱ्या बाजूला जनरेटरवर, मध्ये बंद. दोन्ही एकाच वेळी लागणं त्याच्या रचनेतच शक्य नसतं. घेताना हे बघा:

सिंगल फेजला दोन पोलचा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा. थ्री फेजला चार पोलचा. नुसता फेज तोडणारा स्वस्तातला स्विच घेऊ नका, न्यूट्रलवरूनही वीज लाइनवर जाऊ शकते.

जागा मीटर आणि मेन स्विचच्या पुढे, घरातल्या डीबीच्या, म्हणजे एमसीबीच्या पेटीच्या, आधी.

अँपिअर घराच्या मेनइतके तरी. ३ केव्हीए म्हणजे १३ अँपिअर, ५ केव्हीए म्हणजे जवळपास २२, पण चेंजओव्हरमधून एरवी महावितरणचा पूर्ण भार जाणार आहे हे विसरू नका. आमच्याकडे हीच चूक झाली होती. जनरेटरच्या हिशोबाने १६ अँपिअरचा लहान चेंजओव्हर बसवला आणि एके दिवशी गिझर आणि इस्त्री एकत्र चालू झाल्यावर त्याची मूठ वितळली. आता ६३ चा आहे.

जनरेटरपासूनची वायर तांब्याची, ३ केव्हीएला ४ चौरस मिलिमीटर, ५ ला ६. अंतर वाढलं की वायर जाड. जमिनीतून पाइपात घालून न्या, अंगणात लोळत ठेवू नका, उंदीर आणि बैलगाडी दोन्ही तिचे शत्रू आहेत.

घर थ्री फेजचं असेल तर सगळं घर जनरेटरवर टाकायचा हट्ट सोडा. जनरेटरवर चालवायच्या वस्तूंचं वेगळं छोटं डीबी करून घ्या आणि तेवढंच चेंजओव्हरवर घ्या. ऑन-ग्रिड सोलर असेल तर त्याची जोडणी महावितरणच्या बाजूलाच राहिली पाहिजे. जनरेटरच्या बाजूला आली तर सोलर चालू होऊन जनरेटरलाच उलटी वीज ढकलतं.

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. परवान्याची प्रत मागा, मागायला संकोच करू नका. आमच्याकडे दुसऱ्यांदा आलेल्या ठेकेदाराने न विचारता दाखवली, तेव्हाच मला हायसं वाटलं.

७. अर्थिंग

जनरेटरच्या अंगाला दोन वेगळ्या जागी अर्थिंग हवं, एक तुटलं तर दुसरं राहतं. आपल्याकडे यात एक खास अडचण आहे. काळी माती पावसात ओल धरते, पण मार्चनंतर तडे जातात, ओल संपते आणि अर्थिंगचा खड्डा असून नसल्यासारखा होतो. मुरमाड रानात तर वर्षभर तेच. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात दर आठ दिवसांनी घागरभर पाणी ओता. ठेकेदाराकडून मीटर लावून मोजून घ्या, पाच ओहमच्या आत आलं पाहिजे, आणि हे मोजमाप पावसाळ्यात न करता एप्रिल-मेमध्ये करा.

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइट पाडणारा स्विच, बसवा. पण बऱ्याच लहान जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले नसतात. तसं असेल तर जनरेटरवर असताना आरसीसीबी धक्का बसला तरी पडत नाही. "जनरेटरवर असताना आरसीसीबी पडतो का, ते दाखवा," एवढं ठेकेदाराला सांगा. चांगला माणूस लगेच समजतो. ही जोडणी स्वतः करायला जाऊ नका.

८. कागद आणि सामान

कागद: अलीकडचं वीजबिल (मंजूर भार त्यावर असतो), भाराची यादी, जीएसटीचं पक्कं बिल, इंजिन आणि अल्टरनेटर दोन्हींचे नंबर लिहिलेलं वॉरंटी कार्ड, बॅटरीचं वेगळं कार्ड, ठेकेदाराच्या परवान्याची प्रत आणि त्याचा सही-शिक्क्याचा चाचणी अहवाल. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर सोसायटीचं लेखी ना-हरकत. मोठा, सामायिक जनरेटर असेल तर बसवण्याआधी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात चौकशी करा.

सामान: मल्टिमीटर, एक चांगली विजेरी, पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचं ऑइल, जास्तीचा स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर, झाकण घट्ट बसणारा पत्र्याचा कॅन, नरसाळं, कोरडी वाळू भरलेली बादली, पावडरचा अग्निशामक.

९. पहिली चाचणी ठेकेदार जायच्या आधी

लाइट असताना मेन पाडून चाचणी करतात, ते पुरेसं आहे. जनरेटर चालू करा, मूठ त्या बाजूला टाका आणि मल्टिमीटर घेऊन चेंजओव्हरच्या महावितरणकडून येणाऱ्या टोकांवर मोजा. शून्य आलं पाहिजे. हे मी स्वतः उभं राहून करून घेतलं आणि पैसे त्यानंतर दिले.

मग एकेक वस्तू लावत व्होल्टेज बघा. २२० ते २४० मध्ये राहायला हवं. फ्रिज सुरू होताना क्षणभर खाली जाऊन लगेच वर आलं तर ठीक. इन्व्हर्टर चार्ज होत नसेल तर घाबरू नका, बऱ्याच इन्व्हर्टरवर मागे "यूपीएस" आणि "नॉर्मल" असा खटका असतो, यूपीएसवर असला की जनरेटरची थोडी हलणारी वीज तो नाकारतो. नॉर्मलवर टाका. दुकानदाराने हे आम्हाला सांगितलं नव्हतं, आठवडाभर आम्ही जनरेटरच खराब आहे म्हणून भांडत होतो.

चालवायचा क्रम आम्ही चेंजओव्हरजवळ मोठ्या अक्षरात लिहून चिकटवला आहे: जड वस्तूंचे खटके बंद, जनरेटर सुरू, तीन मिनिटं थांबा, मूठ खाली, मामांचं मशीन, मग फ्रिज, मग बाकी. लाइट आल्यावर दहा मिनिटं थांबा, कारण आपल्याकडे ती आल्या आल्या वर-खाली होते आणि पुन्हा जाते. मग भार काढा, मूठ वर, जनरेटर तीन मिनिटं रिकामा चालवून बंद.

१०. इंधन आणि देखभाल

घरी पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, पण आम्ही दहाच ठेवतो, स्वयंपाकघरापासून लांब, सावलीत. चालू किंवा गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही. अर्धा तास थंड होऊ द्यायचं. तोवर इन्व्हर्टर आहेच. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी धरतं, आणि तीन महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटर चिकटतो. महिनाभर लागणार नसेल तर कॉक बंद करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कॅनमधलं पेट्रोल दर दोन महिन्यांनी मोटारसायकलीत ओता आणि नवं आणा.

दर पंधरा दिवसांनी पंधरा मिनिटं, भार लावून. आम्ही एकादशीला चालवतो, म्हणजे विसरत नाही. पहिलं ऑइल पुस्तिकेत दिलेल्या तासांना बदला, ते नव्या इंजिनाला फार लवकर लागतं. एअर फिल्टर मात्र पुस्तिकेपेक्षा आधी. सोयाबीन-तुरीच्या मळणीच्या दिवसांत हवेत जो भुसा उडतो, त्यात आमचा फिल्टर दोन आठवड्यांत काळा होतो. मोठी सर्व्हिस अक्षय तृतीयेच्या आधी करून घ्या, वळवाचे वारे त्यानंतर जोर धरतात आणि तेव्हा मेकॅनिकही मिळत नाही.

आणि घरी ऑक्सिजनवरचा माणूस असेल तर जनरेटर आल्यावरही सिलिंडर मोडीत काढू नका. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर वायू असतो, मिनिटाला २ लिटरने तो बारा तास पुरतो.

११. वायरमनला सांगा

तक्रार करायची तर महावितरणचा १९१२ आहेच. पण जनरेटर बसवल्यावर तुमच्या गावच्या वायरमनला घरी बोलवा, चेंजओव्हर दाखवा, मूठ स्वतःच्या हाताने फिरवून बघू द्या. आमच्याकडे तो आला, महावितरणच्या बाजूची टोकं त्याने स्वतःच्या टेस्टरने तपासली आणि चहा घेऊन जाताना आमच्या खांबाचा नंबर वहीत लिहून घेतला. आता वादळानंतर खांबावर चढायच्या आधी तो आमच्या दारात येतो आणि मूठ कुठल्या बाजूला आहे ते बघून जातो.